डोळे मिटून कापलेली वेल

डबल चादरीचं एक टोक मोरीच्या नळाला अडकवून कात्रीकाकू दुसऱ्या टोकाने ती पिळत होत्या. पीळ अर्ध्यापर्यंत आला होता, आणि तेवढ्यात बाहेर फोन वाजला.

“अहो, घ्या की जरा!”

यजमानांनी फोन घेतला, दोन शब्द ऐकले आणि मोरीच्या दाराशी येऊन तो सरळ काकूंच्या कानालाच लावला. काकूंचे दोन्ही हात चादरीत गुंतलेले.

“वहिनी,” धाकट्या दिरांचा आवाज, “हिचे डोळे पिवळे झालेत. हळदीसारखे. दवाखान्यात आलोय. डॉक्टरीणबाई विचारतायत, ही सध्या काय काय घेते. मी म्हटलं, वहिनींच्या वेलीचा काढा. तर त्या म्हणतात, कोणती वेल? आता मला काय कळतंय त्यातलं! तुम्हीच या.”

काकूंच्या हातून चादर सुटली. पीळ भर्रकन उलगडला, यजमानांचा सदरा पोटापर्यंत भिजला आणि चादर तशीच नळाला लोंबत राहिली.

काकूंचं हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. माप घ्यायची जुनी टेप गळ्यात आणि तिच्या टोकाला कात्री, हा त्यांचा दागिना. खिडकीशी शिवणयंत्र, बाजूच्या लाकडी पेटीत रिळं, आणि भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेले शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे. कुणाची चेन बिघडलेली, कुणाचा गुडघा फाटलेला. तीस वर्षं त्यांनी लोकांचं फाटलेलं शिवलं. आणि तेवढीच वर्षं त्यांनी लोकांना वेल दिली.

ती वेल मागच्या अंगणात. अंगण कसलं, चार पावलांचा तुकडा. त्यात एक कडुनिंब, आणि कडुनिंबावर गुळवेल. सासूबाईंनी लावलेली. पानं विड्याच्या पानासारखी, खोडाची साल पातळ पापुद्र्यासारखी सुटणारी, आणि वरून खाली जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या बारीक मुळ्या. काकूंना त्या मुळ्या नेहमी कुणीतरी सुईत ओवायचे विसरलेले दोरे वाटत. वेल अशी चिवट, की तोडलेली कांडी महिनाभर खिळ्याला टांगून ठेवली तरी तिला अंकुर फुटतो.

सासूबाईंचं या वेलीवर देवाच्या खालोखाल प्रेम. ताप हटत नाही, द्या गुळवेल. तापातून उठलं पण अन्न गोड लागत नाही, द्या गुळवेल. सांधे धरले, साखर वाढली, अंगाची आग होते, सगळ्याला तीच. कांड्या ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा, त्याला त्या सत्त्व म्हणत आणि चिमटीने देत. एरवी काढा. दोन पेले पाणी अर्धा पेला होईपर्यंत उकळायचं, नाक धरायचं आणि घोटायचं.

आणि कापायची रीत त्यांची स्वतःची होती. “कापताना तिच्याकडे बघायचं नाही,” त्या नव्या सुनेला म्हणाल्या होत्या. “डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचं आणि हाताला येईल ती फांदी कापायची. आपण बघून निवडली की तिला कळतं. मग ती घाबरते आणि गुण राखून ठेवते.”

यजमान तेव्हापासून थट्टा करत आलेले. “आई गेली, पण वेलीला अजून घाबरवायचं नाही हं! मला मात्र ही रोज घाबरवते.”

काकूंनी थट्टा मनावर घेतली नाही आणि रीत मोडली नाही. उजाडता उजाडता अंघोळ करून त्या अंगणात जात, डोळे मिटत, ओठांत नाम आणि हातात कात्री. मग आत येऊन बोटाएवढ्या कांड्या करायच्या, सात-सात कांड्यांची जुडी बांधायची. जुडीला दोरा ज्याच्या-त्याच्या रंगाचा. अकरा नंबरच्या मास्तरांचा निळा, पिठाच्या गिरणीवालीचा काळा, धाकट्या जावेचा लाल. रंग ठरवले होते ते गोंधळ होऊ नये म्हणून.

दवाखान्यात धाकटी बाकावर भिंतीला टेकून बसली होती. काकूंना बघून ती हसली, आणि त्या हसण्यात डोळ्यांचं पिवळेपण आणखीच दिसलं.

“ताई, तुम्ही कशाला धावत आलात? कामं पडली असतील.”

“गप गं. कामं कुठे पळून जातायत!”

डॉक्टरीणबाई वयाने काकूंच्या भाचीएवढ्या. त्यांनी हातातला कागद दाखवला. यकृताला सूज होती, आकडे पाच-सहा पट वाढलेले. नेहमीच्या काविळीच्या दोन तपासण्या स्वच्छ आल्या होत्या, तिसरी यायची होती.

“काढा किती दिवस घेताय?” त्यांनी धाकटीला विचारलं.

“दोन महिने.”

“दोन महिने?” काकू म्हणाल्या. “अगं, मी एकवीस दिवस म्हटलं होतं ना? तापाचा अशक्तपणा जाईपर्यंत.”

“पण बरं वाटत होतं ताई. मग मी जुडी मागत गेले, तुम्ही देत गेलात. शेवटी शेवटी दोन वेळा घेत होते. म्हटलं, लवकर ताकद येईल.”

काकू मनात हिशोब करू लागल्या. दिल्या होत्या खऱ्या. लाल दोऱ्याच्या किती जुड्या, तेही आठवेना. मागितलं की द्यायचं, इतकंच डोक्यात.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोन चित्रं उघडली. “हे बघा काकू. ही गुळवेल. आणि हिच्यासारखीच दिसणारी ही दुसरी. पानं जवळपास सारखी. पण हिच्या खोडावर पुळ्यांसारखे उंचवटे असतात आणि ही जास्त कडू. गुळवेल समजून लोक ही घेतात. तुमची कोणती?”

“ही पहिली,” काकूंनी लगेच बोट ठेवलं. “आमची साल अशीच सुटते. सासूबाईंनी लावलेली वेल आहे ती.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? तीस वर्षं हाताळतेय.”

“मग सध्याची कांडी दाखवा. पानासकट आणा. खरी गुळवेलही कुणाकुणाच्या यकृताला सोसत नाही, तेव्हा काढा आजपासून बंद. पण काय पोटात गेलंय ते मला कळू दे.”

“दुसरी वेल?” भावजी एकदम म्हणाले. ते मोठ्या मालट्रकचे ड्रायव्हर, आणि लांबच्या फेरीहून काही ना काही घेऊन यायची त्यांना खोड. “वहिनी, मी एक कांडी आणली होती बघा तुम्हाला. त्या धाब्यावाल्याने दिलेली. म्हणाला, ही इथल्यापेक्षा कडू, म्हणजे जास्त गुणकारी. सहा-सात वर्षं झाली असतील.”

“ती मेली होती भावजी. आपल्या कडुनिंबाशीच लावली होती, उन्हाळ्यात वाळून काटकी झाली. मीच बघितली.”

“मेली होती ना? मग झालं तर.”

पण घरी येता येता काकूंना शंका आली. गुळवेल वाळून मरते का कधी? महिनाभर खिळ्याला टांगलेली मरत नाही. मग ती कशी मरेल? की वरून वाळली आणि खालून जगली? त्यांनी तिच्याकडे नंतर बघितलंच कुठे होतं! अंगणात गेल्या की त्यांचे डोळे मिटलेले.

त्या दिवशी तीस वर्षांत पहिल्यांदा त्या वेलीसमोर डोळे उघडे ठेवून उभ्या राहिल्या.

बुंध्याशी दोन खोडं होती. मनगटाएवढं एक, अंगठ्याएवढं दुसरं. जाड खोडाला पापुद्र्यासारखी साल, ओळखीची. बारक्यावर हात फिरवला आणि बोटांना भरतकामाची उलटी बाजू लागल्यासारखं वाटलं. गाठीच गाठी.

“अहो!” त्यांनी हाक मारली. “या इकडे.”

यजमान चष्मा पुसत आले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लिफ्ट दुरुस्त केलेल्या, त्यामुळे गुंतलेल्या दोरांची त्यांना भीती नव्हती. त्यांनी बुंधा बघितला, वर बघितलं. “दोन आहेत गं.”

“ते मलाही दिसतंय. वर कोणती कुठे गेली ते सांगा.”

वर दोन्हींनी एकमेकींना असा विळखा घातलेला की नजर दोन हातांवरच हरवायची. काकूंनी आतून दोन रिळं आणली. जाड खोडाला पांढरा दोरा, गाठाळ खोडाला लाल, आणि वीत-वीत अंतरावर कच्चा टाका घालावा तशी एकेक गाठ मारत त्या वर निघाल्या. स्टुलावर चढल्या. यजमान स्टूल धरून खाली.

“ही पांढरी. ही पण पांढरी. थांबा, ही कुठून आली?”

“लालच्या मागून.”

“मग ही लाल?”

“तू आत्ताच तिला पांढरा बांधलास.”

“मी? कधी?”

“आत्ता. मी स्टूल धरलंय, डोळे नाही मिटलेले.”

काकूंना हसूही येईना आणि रागही येईना. दोन हातांपर्यंत दोऱ्यांनी साथ दिली. पुढे कोवळ्या फांद्या. त्यांच्यावर ना पापुद्रा, ना पुळ्या, सगळ्या एकसारख्या हिरव्या आणि गुळगुळीत. वर एका ठिकाणी तर लाल आणि पांढरा एकाच फांदीवर येऊन बसले. मधेच कुठे त्यांनी चूक केली होती, पण कुठे, ते काही केल्या सापडेना. उसवून परत शिवायचं कापड नव्हतं ते. यजमानांच्या सदऱ्यावर मघाचं पाणी वाळून आता पानांचा कचरा चिकटला होता.

मग काकूंनी वेगळा उपाय केला. स्टुलावरून उतरल्या, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, नाम घेतलं आणि हात पुढे केला. नेहमी हात जातो तिथेच तो जाईल आणि मग डोळे उघडून बघू, असा विचार. हात गेला. डोळे उघडले. पांढरा दोरा. त्यांना हायसं वाटलं. पुन्हा मिटले, पुन्हा हात केला. लाल. तिसऱ्यांदा लाल. चौथ्यांदा यजमानांचा कान.

“पुरे,” यजमान म्हणाले, पण प्रेमाने. “आईने तुला रीत शिकवली तेव्हा इथे एकच वेल होती. आईची चूक नाही, तुझीही नाही.”

“मग कुणाची?”

यजमान स्टूल आत घेऊन गेले.

काकू आत येऊन देवासमोर बसल्या. रोज इथे बसलं की डोकं शांत व्हायचं, आज मात्र प्रश्नच जास्त आले. देवाचं नाव घेऊन कापलं ते चुकीचं कसं असेल? आणि चुकीचं असेल तर त्या सगळ्या सकाळी नाम कुठे गेलं? ज्यांना गुण आला त्यांना कुठल्या वेलीने आला? की आलाच नव्हता, ताप आपला आपणच उतरला? एकेक धागा ओढावा आणि भलताच निघावा तसं चाललं होतं. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, “धाकटीला बरं कर. बाकीचं मी नंतर विचारेन.”

दुपारी दोन्ही खोडांच्या कांड्या वेगवेगळ्या कागदात बांधून त्या निघाल्या, पण दवाखान्याआधी पाय धाकटीच्या घराकडे वळले. दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याने वर. धाकटीला घरीच पडून राहायला सांगितलं होतं. भावजी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, जमेल तशी.

“वहिनी, तुम्ही बघू नका,” ते म्हणाले. “साबण जास्त झालाय.”

“काढ्याच्या कांड्या उरल्यात का गं एखाद्या?” काकूंनी धाकटीच्या उशाशी बसत विचारलं. “एक जरी मिळाली तरी कळेल, तुला मी काय दिलं ते.”

“नाही ताई. सगळ्या उकळल्या. चोथा तर रोजच्या रोज टाकला.” धाकटी आठवू लागली. “एक मात्र... पहिल्याच महिन्यातली. जुडीतली एक मी बाजूला काढली होती. म्हटलं, आपल्याही घरी वेल असावी, ताईंना किती दिवस त्रास द्यायचा. खिडकीतल्या डब्यात खोचलीय. जगलीय की नाही, बघितलं नाही.”

जगली होती. जगणारच. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात, मातीतून दोन बोटं वर आलेली जुनी कांडी, तिच्या बगलेतून निघालेली हिरवी फूट आणि फुटीला दोन पानं. कांडीला अजून लाल दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता.

काकूंनी अंगठा कांडीवर ठेवला. लगेच फिरवला नाही. भावजींनी नळ बंद केला. मग त्यांनी अंगठा फिरवला.

गाठी. एक, दोन, आणि मागच्या बाजूला आणखी.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमची वेल मेली नव्हती.”

भावजींच्या हातावर फेस तसाच होता. “मी आणली ती?”

“तुम्ही आणली, मी लावली. मीच कापली आणि मीच दिली.”

त्या डबा घेऊन धाकटीपाशी गेल्या. तिला सगळं सांगितलं. दोन खोडं, लाल-पांढरे दोरे, मिटलेले डोळे, काहीही न लपवता. धाकटी ऐकत राहिली, मग चादरीचा काठ चाचपत म्हणाली, “ताई, तुम्ही दिलं म्हणून मी घेतलं. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर घेतलं नसतं.”

काकूंना कळेना, हे समजावणं आहे की बोल लावणं. धाकटीच्या चेहऱ्याकडे बघून तर काहीच कळेना. कदाचित तिलाही कळलं नसेल.

“रागावलीस?”

“माहीत नाही. आत्ता फक्त मळमळतंय.” मग काकूंचा पदर धरून, “तुम्ही इथेच बसा ना जरा.”

काकू बसल्या. भावजींनी चहा केला, त्यात साखर घालायला विसरले. दोघींनी तो निमूट प्यायला आणि धाकटी म्हणाली, “तुमच्या काढ्यापेक्षा बरा आहे.” तेव्हा मात्र तिघंही हसले. हसता हसता काकूंनी पदराने डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी डबा उजेडाकडे धरून बघितला, दोन्ही कागद उघडले, कांड्या शेजारी ठेवल्या. “हो, डब्यातली ही दुसरी,” त्या म्हणाल्या. “नशीब, जिवंत मिळाली.”

“म्हणजे हिच्यामुळेच झालं?”

“दाट शक्यता आहे. पण छातीठोक नाही सांगता येत. या डब्यातली एक कांडी ही आहे, बाकीच्या जुड्यांमध्ये काय होतं कुणास ठाऊक. डोसही दुप्पट गेलाय. तिसरा रिपोर्ट परवा येईल. घरी सोडताना तिचं पुन्हा रक्त घेतलं होतं, त्यात आकडा मात्र सकाळपेक्षा किंचित खाली आहे. काढा थांबवल्यावर असाच उतरत गेला तर काळजी नको.”

“आणि उतरला नाही तर?”

“तर तेव्हा बघू. आज तरी उतरतोय.”

काकूंना हवं होतं ते हो किंवा नाही. मिळालं ते दोन्हीच्या मधलं. त्यांनी मान हलवली.

“आणखी कुणाला देता तुम्ही ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्या प्रश्नावर काकूंना वाटलं, आपण सकाळपासून एकाच लाल दोऱ्यामागे धावतोय. निळा दोरा, काळा दोरा डोक्यात आलेच नाहीत. त्यांनी बोटं मोजली. “गिरणीवाली. अकरा नंबरचे मास्तर. कोपऱ्यावरची चष्मेवाली आणि तिची आई.”

“सगळ्यांना आजच बंद करायला सांगा. आणि कुणाचे डोळे पिवळे, लघवी गडद, भूक गेलेली असेल तर इकडे पाठवा.”

घरी आल्या तेव्हा मोरीत चादर अजून नळाला लोंबत होती, तळाशी पाणी साचलेलं. यजमानांनी तिला हात लावला नव्हता. का, ते विचारण्यात अर्थ नव्हता. काकू मागच्या अंगणात गेल्या. कात्री गळ्यात होती. वेलीवर लाल-पांढऱ्या गाठी दिसत होत्या, कुणी जखमेवर पट्ट्या बांधाव्यात तशा. बारकं खोड बुंध्याशी कापलं तर भावजींची वेल वर गुंतल्या जागीच वाळेल, की सासूबाईंची वेलही तिच्यासोबत खाली येईल? आणि कापलेली पुन्हा फुटणार नाही कशावरून? त्यांनी कात्री उघडली. मिटली.

“काय करतेस?” यजमान दारातून म्हणाले.

“काही नाही. बघतेय.”

“बघ, बघ. तीस वर्षांचं बघायचं राहिलंय.”

काकूंनी कात्री उंबऱ्यावर ठेवली. गिरणीवाली दोन पावलांवर, चष्मेवालीला फोन करता येईल. मास्तर मात्र तसे ऐकणारे नव्हते. त्यांचा या वेलीवर डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास, आणि तो विश्वास काकूंनीच जुडीजुडीने बांधलेला. त्यांना समोर बसूनच सांगावं लागणार होतं.

“चादर पिळून टाका,” त्या चपला घालत यजमानांना म्हणाल्या. “मी अकरा नंबरला जाऊन येते. मास्तरांकडची निळ्या दोऱ्याची जुडी परत आणायची आहे.”